होतकरू

फाइल उघडली की आधी नजरेत भरते ती जन्मतारीख. शोधनिबंधाचं नाव तिच्या खाली, संस्थेचं नाव त्याच्याही खाली. उपयोजित गणितातल्या तरुण संशोधकांसाठीच्या एका छोट्या पुरस्काराच्या निवड समितीवर मी गेल्या खेपेला होते. पहिल्या संध्याकाळी माझ्या हातून काहीच काम झालं नाही. नुसत्या जन्मतारखा वाचत बसले. एक मुलगा तर माझ्या डॉक्टरेटपेक्षाही लहान निघाला.

पुरस्काराचं नाव सांगत नाही. पुढे ज्या एका फाइलीबद्दल लिहिणार आहे, तिचे तपशीलही ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत. समितीचं काम गुप्त असतं, ते असावंच. पण त्या दोन महिन्यांत डोक्यात जे घोळत राहिलं ते माझं स्वतःचं आहे, तेवढं सांगायला हरकत नसावी.

प्रत्येक फाइलीत तीन शिफारसपत्रं. शिफारसपत्रांच्या जगात मध्यम कुणीच नसतं, सगळेच असामान्य. ‘माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनात असा विद्यार्थी पाहिला नाही’ हे वाक्य मला एकाच प्राध्यापकांच्या सहीने दोन फाइलींत सापडलं, तेही दोन वेगळ्या विद्यार्थ्यांबद्दल. विशेषणं झटकून टाकली की सगळ्या पत्रांत मिळून एकच शब्द उरतो : होतकरू.

हा शब्द मला लहानपणापासून थोडा खुपतो. ‘गरीब व होतकरू विद्यार्थ्यांसाठी’ असा तो जोडीनेच भेटायचा, जणू गरिबी नसेल तर नुसत्या होतकरूपणाला कोण विचारतो. शिवाय त्याला मुदत असते. विशीतला होतकरू कवी हे कौतुक. पन्नाशीतला होतकरू कवी ही थट्टा. पण फाइली वाचताना मी त्याच शब्दापाशी परत येत राहिले. व्युत्पत्ती काय असेल ती असो, माझ्या कानाला त्यात ‘होणं’ही ऐकू येतं आणि ‘करणं’ही. अजून झालेला नाही, पण करू लागला आहे. आम्हाला बक्षीस द्यायचं होतं ते या मधल्या अवस्थेला. ती ओळखायची कशी, हे आम्हा पाच जणांपैकी कुणालाच धड सांगता आलं नसतं.

शुद्ध गणितात निदान एक सोय असते. सिद्धता बरोबर असेल तर आजही बरोबर, शंभर वर्षांनीही बरोबर. उपयोजित गणितात ते दार ओलांडलं की पुढे आणखी दोन दारं लागतात. प्रमेय खरं आहे, ठीक. पण त्यावरून लिहिलेला प्रोग्रॅम खऱ्याखुऱ्या आकड्यांपुढे टिकतो का? आणि टिकला, तरी ज्याला वादळाचा अंदाज बांधायचा आहे किंवा शरीराच्या आतलं चित्र काढायचं आहे, त्याच्या तो कामी येतो का? पहिलं दार महिन्याभरात तपासून होतं. दुसऱ्याला वर्ष-दोन वर्षं लागतात. तिसरं कधी उघडेल याचं वेळापत्रक कुणापाशीच नसतं.

जपानी गणितज्ञ कियोशी इतो यांचंच घ्या. १९४२ साली जपान युद्धात होता आणि विशीतले इतो सरकारी सांख्यिकी कार्यालयात नोकरी करत होते. यदृच्छेने हेलकावे खाणाऱ्या राशींचं कलनशास्त्र त्यांनी मांडलं ते एका सायक्लोस्टाइल केलेल्या नियतकालिकात, जपानी भाषेत. वाचणारे किती असतील! १९७३ मध्ये ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांनी शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या, म्हणजे ठरल्या भावाने पुढे शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काच्या, किमतीचं गणित मांडलं, तेव्हा त्याच्या मुळाशी इतोंचं हे काम होतं. गणिताबाहेरच्या जगात ज्या गणिताचा प्रभाव पडला त्याच्यासाठी असलेला गाउस पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तो २००६ साली, इतोंनाच. ते तेव्हा ९० वर्षांचे होते. प्रकृतीमुळे माद्रिदला जाणं झालं नाही. धाकट्या मुलीने त्यांच्या वतीने तो स्पेनच्या राजांकडून स्वीकारला आणि नंतर आंतरराष्ट्रीय गणित संघाचे अध्यक्ष जॉन बॉल यांनी पदक त्यांच्या घरी नेऊन दिलं. लेख आणि पदक यांच्यात ६४ वर्षं. १९४२ साली आमच्यासारखी एखादी समिती बसली असती, तर तिने इतोंच्या फाइलीवर काय शेरा मारला असता, याचा विचार करून मी अस्वस्थ होते. ‘अभ्यासपूर्ण, परंतु उपयोग स्पष्ट नाही.’

म्हणजे उपयोजित गणिताचं खरं बक्षीस म्हातारपणीच द्यायला हवं. हिशेब सरळ आहे. तरीही तरुणांसाठीची बक्षिसं आहेत, आणि मला वाटतं ती असायलाही हवीत. का, ते पुढे येईल. संख्यात्मक विश्लेषणासाठीचा, म्हणजे संगणकाला झेपतील अशा आकडेमोडीच्या पद्धतींच्या अभ्यासासाठीचा, लेस्ली फॉक्स पुरस्कार १९८५ पासून चालू आहे. त्याला उमेदवार ३१ वर्षांच्या आतला लागतो, आणि अंतिम फेरीत नुसता निबंध पुरत नाही, उभं राहून व्याख्यान द्यावं लागतं. औद्योगिक व उपयोजित गणिताच्या जागतिक परिषदेत दर चार वर्षांनी दिला जाणारा कोलाट्झ पुरस्कार ४२ वर्षांच्या आतल्यांसाठी; २०१९ साली तो सिद्धार्थ मिश्रा यांना मिळाला. स्वीडिश गणितज्ञ डालक्विस्ट यांच्या नावाचा पुरस्कार साधारण ४५ पर्यंत. म्हणजे माणूस तरुण कुठवर, याचं उत्तर ३१, ४२ आणि ४५ असं तिन्ही आहे. गणितज्ञांकडून एवढी ढिलाई अपेक्षित नव्हती.

जाता जाता : ज्या लोथार कोलाट्झ यांचं नाव या बक्षिसाला आहे, त्यांचं सगळं आयुष्य उपयोजित गणितात गेलं. पण शाळकरी मुलांनाही त्यांचं नाव ठाऊक होतं ते १९३७ मधल्या एका कोड्यामुळे. १, २, ३ यांसारखी कुठलीही पूर्ण संख्या घ्या. सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. असं करत गेलं की शेवटी १ येतोच का? अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. व्यवहारात त्या कोड्याचा काडीचा उपयोग नाही. मला ही गंमत फार आवडते.

माझं स्वतःचं सांगायचं तर यातल्या कुठल्याच बक्षिसाच्या वाटेला मी गेले नाही, जाऊ शकलेच नाही. एम.एस्सी. झाल्यावर चार वर्षं मी एका कारखान्यासाठी उष्णतावहनाचे प्रोग्रॅम लिहीत होते. भट्टीची भिंत किती तासांत किती तापेल, कुठे तडकेल. एकदा संगणकाने एक लांबच लांब प्रिंटआउट काढला. भट्टी पेटवल्यावर पहिल्या काही मिनिटांत भिंतीच्या आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जात होतं, मग वर, मग पुन्हा खाली. गणिताच्या दृष्टीने माझी पद्धत स्थिर होती, म्हणजे चुका वाढत जाऊन आकडे फुटणार नव्हते. तसं प्रमेयच होतं. मी तो कागद घेऊन खाली गेले. फोरमननी चष्मा पुसला, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “मॅडम, पेटवलेली भट्टी थंड कशी पडेल?”

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी डॉक्टरेटला गेले, असं म्हटलं तरी चालेल. उत्तर निघालं ते असं : स्थिर असणं आणि शहाण्यासारखं वागणं या दोन वेगळ्या गोष्टी. माझी पद्धत फुटत नव्हती, पण कालाचं पाऊल मोठं पडलं की वरखाली डुलत राहत होती. हे नंतर पुस्तकांतही सापडलं. फोरमनना ते पुस्तकाशिवाय दिसलं होतं. पण तोवर माझं वय पुढे गेलं होतं, आणि पुढे एकदा एका अर्जाच्या नियमावलीत वाचलं की शिक्षणानंतरची अशी वर्षं ‘खंड’ या सदरात मोडतात. खंड! माझ्या सगळ्या शिक्षणातला जो सलग भाग होता, त्याला खंड म्हणतात.

मग मला गेरमुंड डालक्विस्ट आठवतात. आठवतात म्हणजे, मी स्वतःचं समाधान करून घेते. १९४९ पासून ते स्वीडनच्या सरकारी संगणक मंडळात कामाला होते. तिथे बांधलेल्या ‘बेस्क’ या संगणकावर १९५४ साली हवामानाचे अंदाज बांधण्याचं काम सुरू झालं. म्हणजे हा माणूस यंत्राच्या पायाशी बसून गणित करत होता. १९५६ मध्ये त्यांचा तो प्रसिद्ध निबंध आला, तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. डॉक्टरेट १९५८ मध्ये, ३३ व्या वर्षी. १९६३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की माझ्या भट्टीसारख्या समीकरणांवर कुठलंही पाऊल टाकलं तरी न फुटणाऱ्या ज्या बहुपदक्रमी पद्धती आहेत, म्हणजे मागच्या अनेक पावलांच्या आधारे पुढचं पाऊल टाकणाऱ्या, त्यांची अचूकता दुसऱ्या कोटीच्या (पाऊल निम्मं केलं की चूक पावपट) वर जाऊच शकत नाही. कितीही हुशारी करा, ही भिंत ओलांडता येणार नाही. आज त्यांच्या नावाने तरुणांना बक्षीस देतात. फॉक्स पुरस्काराची वयाची अट त्यांना त्या निबंधानंतर लवकरच आडवी आली असती.

हल्ली बऱ्याच ठिकाणी वयाऐवजी डॉक्टरेटनंतरची वर्षं मोजतात; बाळंतपण, आजारपण वगळतात. सुधारणा चांगलीच आहे. भट्टीजवळची वर्षं वगळतात की नाही, मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही.

वयाचं सोडू. तरुणांना बक्षीस द्यावं की नाही यावर सगळ्यात जास्त मला शिकवलं ते केंब्रिजच्या स्मिथ पारितोषिकाने. १७६९ पासूनचं हे पारितोषिक. नुकतेच पदवीधर झालेल्यांसाठी. आधी परीक्षा असायची, पुढे निबंध आला. १८५४ च्या परीक्षेत स्टोक्स हे परीक्षक होते आणि आज प्रत्येक इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला पाठ असलेलं स्टोक्सचं प्रमेय पहिल्यांदा छापलं गेलं ते त्या प्रश्नपत्रिकेत, एक प्रश्न म्हणून. सोडवायला बसलेल्यांत जेम्स क्लार्क मॅक्सवेल होते. पारितोषिक मॅक्सवेल आणि राउथ यांना विभागून मिळालं. प्रश्नपत्रिकेतल्या त्या ओळीशिवाय मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकी समीकरणांकडे पाहायचं कसं, हे मला आज सांगता येणार नाही. १९६२ मध्ये हेच पारितोषिक आपल्या जयंत नारळीकरांना मिळालं.

पण माझा खरा जीव अडकतो तो १९३६ मध्ये. त्या वर्षी स्मिथ पारितोषिक मिळालं ॲलन ट्युरिंगना, केंद्रीय सीमा प्रमेयावरच्या प्रबंधासाठी. पुष्कळशा स्वतंत्र लहान लहान चुका एकत्र आल्या की त्यांची बेरीज त्या घंटेच्या आकाराच्या वक्राकडे का झुकते, याची ती काटेकोर सिद्धता. उत्तम काम. एकच अडचण होती : हे प्रमेय लिंडेबर्ग यांनी १९२२ मध्येच सिद्ध करून ठेवलं होतं. ट्युरिंगना ते ठाऊक नव्हतं. नुकत्याच विशीत शिरलेल्या मुलाने एकट्याने बसून बारा वर्षांपूर्वीचं प्रमेय पुन्हा शोधलं होतं. कळल्यावर त्याने प्रस्तावनेत तसं नमूद केलं. आणि तरीही याच प्रबंधावर किंग्ज कॉलेजने १९३५ मध्ये त्याला फेलो केलं, पुढच्या वर्षी पारितोषिकही मिळालं.

आजची आमची समिती असती तर? नावीन्य : शून्य. पुढची फाइल. त्या परीक्षकांनी निष्कर्षाला बक्षीस दिलं नाही. या मुलाचं डोकं ज्या वाटेने गेलं त्या वाटेला दिलं. त्याच १९३६ मध्ये ट्युरिंगनी गणनक्षमतेवरचा, म्हणजे यंत्राला काय मोजता येतं यावरचा, तो निबंध लिहिला ज्यातून संगणकशास्त्र उभं राहिलं. परीक्षकांना हे आधी कळलं होतं असं मुळीच नाही. पण डोकं कसं चालतं ते कळलं होतं.

आता ती फाइल.

विषय ताठर समीकरणांचा, म्हणजे माझ्याच गल्लीतला. एकाच यंत्रणेत दोन वेगवेगळे वेग नांदत असले की ही अडचण येते. रासायनिक अभिक्रियेत काही रेणू सेकंदाच्या लक्षांश भागात आपला कारभार आटोपतात, बाकीचे तासन्‌तास रेंगाळतात. घाईवाले कधीच निजलेले असतात, पण साध्या पद्धतीला मात्र शेवटपर्यंत त्यांच्याच चिमुकल्या पावलांनी चालावं लागतं. त्या मुलीने पावलाचा आकार चालता चालता ठरवण्याची एक युक्ती काढली होती. युक्ती सुबक होती, पण जग हलवणारी नव्हती. चौथ्या पानापर्यंत मी ‘चांगलं आहे’ एवढंच लिहिलं होतं.

सहाव्या पानावर तिने तीन समीकरणांचं एक उदाहरण दिलं होतं, ज्यावर तिची स्वतःची पद्धत फसते. फसते म्हणजे फुटत नाही. गुळगुळीत, देखणं आणि चुकीचं उत्तर देते. कुठल्याही परीक्षकाने ते उदाहरण शोधून काढलं नसतं. न छापता तिला खुशाल पुढे जाता आलं असतं. बाकीच्या फाइलींत अपयशी उदाहरणं नव्हती. पद्धती सगळीकडे चालत होत्या, आणि सगळीकडे चालणारी पद्धत म्हटली की मला आता भट्टी आठवते.

मला संख्यात्मक विश्लेषक जेम्स विल्किन्सनही आठवले. आपला प्रोग्रॅम तपासायला त्यांनी मुद्दाम एक सोपी वाटणारी बहुपदी घेतली होती : जिची मुळं १, २, ३ असं करत २० पर्यंत, अगदी सुटी सुटी. तिच्यातल्या एका सहगुणकात, २१० या आकड्यात, साधारण ०.००००००१२ इतका फरक केला आणि वीसपैकी दहा मुळं संमिश्र झाली, म्हणजे नेहमीच्या संख्यारेषेवर उरलीच नाहीत. संख्यात्मक विश्लेषक म्हणून आपल्या कारकिर्दीतला हा सगळ्यात मोठा धक्का होता, असं त्यांनी पुढे म्हातारपणी लिहिलं. लपवलं नाही, लिहिलं. विल्किन्सन यांच्याही नावाने तरुणांना पुरस्कार देतात, हे काही उगीच नाही.

दोन संध्याकाळी बसून मी तिचं उदाहरण माझ्या संगणकावर चालवून पाहिलं. समितीचं हे काम नव्हे. आम्ही निबंध वाचायचा असतो, कसून तपासायला नियतकालिकांचे परीक्षक असतात. पण राहवेना. पाऊल निम्मं केलं की चूक पावपट व्हायला हवी. होत नव्हती. पुन्हा निम्मं केलं. अर्धीसुद्धा होत नव्हती. तिसऱ्या वेळी मी उठून खिडकी उघडली आणि बराच वेळ नुसती उभी राहिले. हे तिने म्हटल्यासारखंच होतं, आणि तिला कारण सांगता आलेलं नव्हतं, मलाही येत नव्हतं.

बैठकीत मी तिची बाजू मांडली. कदाचित जास्तच मांडली. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “अहो मॅडम, पण यात उपयोग कुठे आहे? आणि चालत नाही असं तीच लिहितेय.” मी कांदेसचं उदाहरण काढलं. गणितज्ञ एमान्युएल कांदेसनी २००४ च्या सुमारास अगदी तुटपुंज्या मोजमापांवरून एक नमुनाचित्र परत उभारून पाहिलं. थोडं बरं दिसेल अशी अपेक्षा होती, ते जसंच्या तसं उमटलं. दुसरे गणितज्ञ टेरेन्स टाओ यांना सांगितलं तर त्यांना हे शक्यच वाटेना. खोडून काढायला बसले आणि खोडता येत नाही म्हणताना पटलं. २०११ मध्ये कांदेसना कोलाट्झ पुरस्कार मिळाला, तर त्या विचारावर चालणाऱ्या एमआरआय यंत्रणांना अमेरिकेत मान्यता मिळाली २०१७ मध्ये. आधी बक्षीस, मग उपयोग. अध्यक्ष म्हणाले, “तुमची उमेदवार कांदेस नाही.” खरंच होतं ते. पण २००४ चे कांदेस तरी कुठे २०१७ चे कांदेस होते?

तीन विरुद्ध दोन. ज्याला मिळालं तो मुलगाही उत्तम होता, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याच्या निबंधात एक अवघड प्रमेय होतं आणि त्याच्या सिद्धतेत भोक नव्हतं. मला तक्रार नाही, किंवा आहे ती त्याच्याबद्दल नाही.

असल्या पुरस्काराची रक्कम सहसा फार नसते. एक प्रशस्तिपत्र, एक व्याख्यान, बायोडेटात एक ओळ. त्या ओळीने नोकरीच्या मुलाखतीत मात्र फरक पडतो, हे सगळ्यांना माहीत असतं. आणि आणखी एक. जॉर्ज बोर्हास आणि कर्क डोरन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये फील्ड्स पदक, म्हणजे चाळिशीच्या आतल्या गणितज्ञांना दिलं जाणारं मानाचं पदक, मिळालेल्यांचा मागोवा घेतला. पदकानंतर त्यांचे निबंध कमी होतात. आणि त्याचं एक कारण असं की ही मंडळी अनोळखी विषयांत शिरू लागतात. काही जण हे उत्पादन घटल्याचं लक्षण म्हणून वाचतात. मला ते वाचून आनंद झाला होता. ज्याला आता काही सिद्ध करून दाखवायचं उरलेलं नाही, तो चुकायला मोकळा होतो. म्हणून तर तरुणांना द्यायचं. ज्या मुलीने चुकण्याची मुभा कुणी देण्याआधीच घेऊन टाकली होती, तिला ते मिळालं असतं तर तिने काय केलं असतं, एवढंच मला पाहायचं होतं.

सात-आठ महिन्यांनी एका परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव दिसलं. मी मागच्या रांगेत जाऊन बसले. तिचा आवाज माझ्या कल्पनेपेक्षा बारीक होता आणि बोलण्याचा वेग फार. शेवटून दुसऱ्या स्लाइडवर ते तीन समीकरणांचं उदाहरण आलं, तेव्हा मिनिटभरच उरलं होतं. तरी तिने ते गाळलं नाही. प्रश्नोत्तरं सुरू झाली. मी हात वर केला. तिच्या दृष्टीने मी एक अनोळखी बाई, पिकल्या केसांची.

“तिसऱ्या समीकरणातला तो सहगुणक आणखी वाढवून पाहिलात का?” मी विचारलं.

“पाहिला,” ती म्हणाली, “मग ती आणखीच फसते. का फसते, ते मला अजून कळलेलं नाही.”

मलाही नाही, असं मी म्हणेपर्यंत सूत्रसंचालकांनी माइक पुढच्या रांगेत दिला होता.